कुठं अडखळलात तेवढं सांगा

सोलापुरात कुणी स्वतःचं लिहिलेलं वाचून दाखवलं की ऐकणाऱ्यांकडून दोनांपैकी एक गोष्ट येते. ‘लैच भारी झालंय की बे!’ अशी दाद, नाहीतर चहा. दोन्हींत माया असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण लिहिणारा घरी जाऊन वही उघडतो तेव्हा वहीतल्या कच्च्या जागा तशाच कच्च्या असतात, आणि त्या नेमक्या कुठं आहेत हे शोधायला तो पुन्हा एकटाच उरतो.

हार आणि शालीची सवय मात्र गावाला जुनी आहे. १९४१ साली इथं साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष वि. स. खांडेकर. २००६ साली पुन्हा भरलं, तेव्हा अध्यक्षपदी याच गावात जन्मलेले मारुती चितमपल्ली. मांडवात लेखकाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण अर्धा कच्चा खर्डा घेऊन कुणी मांडवात जात नाही. खर्ड्याला पाच-सहा माणसं, एक पंखा आणि कुणालाच घाई नसलेली सकाळ एवढं पुरतं.

आमची बैठक तशीच आहे. नवी पेठेच्या मागं एका मित्राचं दुकान, त्याच्या माडीवर रविवारी जमायचं. मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. माझ्यासारखेच बाकीचे, पोटापाण्याचं वेगळं आणि लिहिण्याचं वेगळं. निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. औषधाच्या दुकानात काम करणारा, गझलेनं झपाटलेला एक साखर पेठेतला पोरगा आहे. कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या अक्का आहेत. घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कन्नड, त्यामुळं त्यांच्या वाक्याला एक वेगळाच झोल असतो. आणि अण्णा. अण्णा आयुष्यभर वायरमन होते. ते स्वतः काही लिहीत नाहीत. फक्त ऐकायला येतात, आणि सगळ्यात मागं, जिन्याजवळ बसतात.

पद्धत साधी. वाचणाऱ्यानं आपल्या पानांच्या झेरॉक्स आणायच्या, प्रत्येकाला एकेक द्यायची, मोठ्यानं वाचायचं आणि मग गप्प बसायचं. बाकीच्यांनी बोलायचं, पानावर खुणा करायच्या, आणि उठताना सगळ्या झेरॉक्स लिहिणाऱ्याला परत द्यायच्या. चहा शेवटी. हा नियम सरांचा आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. चहा आधी आला की माणसं एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करायला लागतात आणि त्यानंतर कुणाच्या तोंडून खरं निघत नाही.

अक्कांनी गोष्ट आणली होती त्या रविवारच्या झेरॉक्स मी नंतर मागून घेऊन बघितल्या. त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण अभिप्राय म्हणजे काय आणि काय नव्हे हे त्या पाच-सहा प्रतींवर सगळं होतं.

गोष्टीतली मुलगी आईबरोबर विड्या पोचवायला कारखान्याच्या ब्रँचला जाते. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पानं, सकाळी मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापणं, मांडीवर सूप, तंबाखूची चिमूट, दोऱ्याचा फेरा, तोंड दुमडणं. हे सगळं अक्कांनी असं लिहिलं होतं की वाचताना बोटं आपोआप हलावीत. मग ब्रँच. खिडकीमागचा चेकर मूठभर विड्या उचलतो, बोटांत फिरवतो, सैल, वाकड्या, पान फाटलेल्या बाजूला फेकतो. ती छाट. मजुरी हजारावर मिळते आणि छाट त्या हजारात धरत नाहीत. आई काही बोलत नाही, मुलगी बघत राहते. पुढच्या पानावर मुलगी शाळेत जाते, बाई तिला कविता म्हणायला उभं करतात, आणि तिला कविता आठवत नाही.

सरांच्या प्रतीवर लाल पेन्सिल होती. सहा ह्रस्व-दीर्घ, दोन अनुस्वार, आणि ‘आई विड्या वळूलाली होती’ या वाक्याखाली (‘वळत होती’ला आमच्याकडं असंच म्हणतात) दोनदा ओढलेली रेघ. गझलवाल्या पोरानं लिहिलं होतं, ‘सुरुवात चेकरपासून करा, दणक्यात होईल.’ त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं की तंबाखूचे दुष्परिणाम कुठंतरी यायला हवेत, नाहीतर चुकीचा संदेश जाईल. (हे गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्यांचं हितचिंतन कुणाला जड झालं असं नाही, पण बैठकीत कुणालाच कसला संदेश द्यायचा नव्हता.) आणखी एका प्रतीवर नुसतं ‘सुंदर!’ आणि त्यापुढं फुलाचं चित्र.

अण्णांच्या प्रतीवर एकही अक्षर नव्हतं. ते तोंडी बोलले, आणि तेही सगळ्यांचं झाल्यावर. “अक्का, त्या छाटचं पुढं काय झालं? तिथंच राहिली का आईनं परत आणली? मला कळालं नाही. आणि मग पोरगी शाळेत गेली ना, ते मी ऐकूलालतो, पण मनात तेच. छाट कुठं गेली. त्यामुळं कवितेचं काय माझ्या डोक्यात शिरलं नाही.”

एवढंच. ‘शाळेचा प्रसंग पडतो’ असं त्याआधी तिघांनी सांगितलं होतं. एकानं तो काढून टाका म्हटलं, दुसऱ्यानं वाढवा म्हटलं. अक्का दोन्ही लिहून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. अण्णांचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

पुढच्या खर्ड्यात शाळेचा प्रसंग शब्दशः तोच होता. बदल आधीच्या पानावर होता. चेकर छाट ठेवून घेतो, पण एक विडी खिडकीतून घरंगळून खाली पडते. मुलगी ती उचलते आणि मुठीत धरते. शाळेत बाई तिला उभं करतात तेव्हा ती मूठ अजून मिटलेलीच आहे. कविता तिला का आठवत नाही हे आता कुणाला विचारावं लागलं नाही.

मी अण्णांना नंतर म्हटलं, तुम्हाला बरोबर जागा कशी सापडली? ते म्हणाले, जागा कुठं सापडली, मला अंधार कुठं झाला तेवढं मी सांगितलं; लाइट जाते स्वयंपाकघरातली, फॉल्ट निघतो न्हाणीघरात, तो ज्याचं वायरिंग आहे त्यानं शोधायचा.

अभिप्रायाबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते जवळपास या एका वाक्यात आलं. वाचणाऱ्याकडे एकच गोष्ट अशी असते जी लिहिणाऱ्याकडे कधीच असू शकत नाही. ती म्हणजे पहिल्यांदा वाचताना काय झालं याची साक्ष. कुठं ओढ लागली, कुठं मन दुसरीकडं गेलं, कुठं मागचं पान पुन्हा उलटावं लागलं, कोण बोलतंय हे कुठं कळेनासं झालं. लिहिणारा आपलं लिखाण पन्नास वेळा वाचतो, पण पहिल्यांदा एकदाही वाचू शकत नाही. ही साक्ष त्याला हवी असते. आपण मात्र साक्ष द्यायची सोडून निकाल देतो, आणि निकालाबरोबर दुरुस्तीही हातात ठेवतो.

दुरुस्तीचा मोह किती बळकट असतो ते गझलेच्या वेळी दिसलं. गझलेत तंत्र असतं, आणि तंत्राच्या चुका दाखवता येतात. सुरेश भटांनी नवख्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून ठेवली ती काही उगाच नाही. काफिया, म्हणजे यमक, जुळतो की नाही, लघू-गुरू बसतात की नाही, यात ‘मला असं वाटतं’ला जागा नाही. पोरानं भुजंगप्रयात वृत्तात गझल बांधली होती, लगागा (एक लघू, दोन गुरू) चार वेळा. मतल्याची, म्हणजे पहिल्या शेराची, ओळ अशी होती:

‘उन्हाने जळाली साखर पेठ माझी’

‘उन्हाने’ लगागा, ‘जळाली’ लगागा, इथपर्यंत गाडी रुळावर. पुढं ‘साखर’ आला आणि गुरूनं सुरुवात झाली. वृत्त तुटलं. हे सरांनी बोट ठेवून दाखवलं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. पण सर तिथं थांबले नाहीत. त्यांनी जागच्या जागी ओळ करून दिली:

‘उन्हाने जळाली पुन्हा पेठ सारी’

वृत्त चोख. माडीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरानंही लिहून घेतलं. मात्र ओळीतून साखर पेठ गेली होती. आता ती कुठल्याही गावातली कुठलीही पेठ होती. पोरगा ज्या बोळात वाढला, जिथं मे महिन्यात पत्र्याच्या घरांत दुपारी बसवत नाही आणि मागाचा खडखडाट ऐकत माणसं ओटीवर आडवी होतात, तो बोळ एका मात्रेच्या हिशेबात पुसला गेला. सर चांगले कवी आहेत. त्यांच्या गझलेत ती ओळ शोभली असती. पण ही गझल त्यांची नव्हती.

पुढच्या रविवारी पोरगा आला तो वेगळीच ओळ घेऊन:

‘कशी साखरी पेठ माझी जळाली’

मोजून बघा. लगागा, लगागा, लगागा, लगागा. ऊन त्यानं दुसऱ्या ओळीत नेलं होतं. ‘साखरी’ हे जरा ओढून-ताणून आहे हे त्यालाही ठाऊक होतं, पण त्यात लाड होता, आणि पेठ त्याची त्याला परत मिळाली होती. अण्णा तेवढे म्हणाले, “पहिली ओळ ऐकून मला वाटलं आग लागली. दुसरी येईपर्यंत मी बंब शोधूलालतो.” पोरगा हसला. ते त्यानं तसंच ठेवलं. म्हणाला, दोन ओळींच्या मध्ये एवढी धांदल उडालेली मला चालेल.

म्हणजे अण्णांचं ऐकून तो काहीच बदलला नाही, आणि तरी तो अभिप्राय वाया गेला नाही. आपल्या ओळीनं ऐकणाऱ्याला काय होतं हे आता त्याला माहीत आहे आणि ते त्याला पटून हवं आहे. सांगितलेलं मानलं गेलं पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यानं मुळात सांगूच नये.

ही सगळी भानगड जुनी आहे. राजशेखर नावाचा कवी नवव्या शतकाच्या अखेरीस कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारी होता. त्याच्या पूर्वजाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत, तेव्हा तो काही आपल्याला परका नाही. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त कवीबरोबर काव्य ऐकणाऱ्याचाही विचार आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या चार जाती त्यानं लावल्या आहेत. एक अरोचकी, त्याला काहीच आवडत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे भाताबरोबर गवतही खाणारा. समोर येईल ते छान. तिसरा मत्सरी, त्याला चांगलं कळतं पण तोंडून निघत नाही. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो खरोखर आत शिरून बघतो. असा हजारांत एखादा, असं राजशेखर म्हणतो.

मी हे बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली आणि मग जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. माझं निरीक्षण थोडं वेगळं आहे. या चार जाती माणसांच्या कमी आणि वेळेच्या जास्त आहेत. झोप नीट झालेली नसली की मी अरोचकी असतो. मित्राची कविता असेल तर सतृणाभ्यवहारी. माझ्याच विषयावर कुणी माझ्याहून बरं लिहिलं की मत्सरी. त्या वेळी मी मुद्रितशोधनात फार रस घेतो. चौथा मी होतो का, हे बाकीच्यांनी सांगायचं.

राजशेखरानं आणखी एक प्रश्न काढला आहे: रचणारा आणि पारखणारा एकच असू शकतो का? दोन शक्ती वेगळ्या, असं म्हणणारे त्याच्या काळीही होते. सोलापुरात राहून या म्हणण्याला नाही म्हणणं सोपं आहे. इथल्याच त्र्यं. वि. सरदेशमुखांचा समीक्षक म्हणून केवढा दबदबा, आणि २००३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीसाठी. पण असा माणूस विरळा, आणि अशा माणसालाही स्वतःचं पान पारखायला मध्ये थोडा काळ जावा लागत असणार. राजशेखर कवीच्या दिवसाचे प्रहर वाटून देतो त्यात हे नेमकं आलंय. सकाळी अभ्यास, मग रचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी, आणि दिवसाच्या चौथ्या प्रहरी, एकट्यानं किंवा मोजक्या माणसांत बसून, सकाळी लिहिलेल्याची तपासणी. कारण रचताना रसाच्या भरात पारखणारी नजर नसते. तपासणीत काय करायचं तेही तो सांगतो: जास्तीचं काढा, कमी पडलं ते भरा, चुकीच्या जागी असलेलं हलवा, विसरलेलं आठवा. हजार-अकराशे वर्षांत यात भर घालण्यासारखं कुणाला फारसं सापडलेलं नाही. (आमच्याकडं मे महिन्यात चौथ्या प्रहरी फक्त सावली तपासता येते, ते सोडा.)

त्यानं दोन ताकिदीही दिल्या आहेत. अर्धवट रचना वाचून दाखवू नये, ती अर्धीच राहते. आणि नवी रचना एकट्या माणसासमोर वाचू नये. उद्या तो ती आपलीच म्हणाला तर साक्षीदार कुठून आणणार? दुसरी ताकीद वाचून पोरगा उडालाच. त्याचे दोन शेर कुणाच्यातरी नावानं मोबाइलवर गावभर फिरून त्याच्याकडंच परत आले होते. पहिल्या ताकिदीशी मात्र माझं जमत नाही. अर्ध्यावर अडलेली गोष्ट कधीकधी कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय सुटतच नाही. पण तेव्हा ऐकणाऱ्याला आधी सांगावं लागतं की हे अर्धं आहे. पाया खणूलालोय, रंगाचं बोलू नका. दिवाळी अंकाला उद्या पाठवायची गोष्ट असेल तर उलटं: आता भिंत पाडायला सांगू नका, रंगाचं बोला. बैठकीतली निम्मी भांडणं लिखाण कुठल्या टप्प्यावर आहे हे न विचारल्यामुळं होतात, बाकी निम्मी शुद्धलेखनावरून.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० मध्ये अभिप्रायाची एक चार पायऱ्यांची पद्धत मांडली. ती नाचासाठी होती, आता लेखन-नाटकवालेही वापरतात. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंतानं आपल्याला पडलेले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण तटस्थ, म्हणजे पोटात मत न लपवलेले. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही ‘या या गोष्टीबद्दल मला एक मत आहे, ऐकायचंय का?’ असं विचारून.

आम्ही हे करून बघितलं. पहिल्या दोन पायऱ्या निभावल्या. तिसरीवर सोलापूर आडवं आलं. तटस्थ प्रश्न विचारणं हे आमच्या मातीत नाही. “एवढं लांब कशाला लिहिलंय बे?” हा प्रश्न आहे, पण तटस्थ नाही, असं मी समजावून सांगितलं. मग तोच प्रश्न “हा प्रसंग किती लांब असावा असं तुमच्या मनात होतं?” असा विचारला गेला, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘एवढं लांब कशाला’ स्पष्ट लिहिलेलं होतं. सगळे हसले. तरी त्या हसण्यात लिहिणारी बाई म्हणून गेली, “अर्धं पान असावं असं होतं. पण मला सासूबाईंना आत आणायचं होतं म्हणून लांबलं.” झालं, तिला तिचं उत्तर मिळालं. सासूबाई दारातून येऊलालत्या, त्या पुढच्या खर्ड्यात आधीपासूनच घरात होत्या.

चौथी पायरी मात्र आम्ही ठेवून घेतली, आणि त्याचं कारण पद्धत नव्हे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका बायको गेल्यानंतर काही महिन्यांनी आले. त्यांनी तिच्यावरची कविता वाचली. यमकं जुनी, दोन ओळी वृत्तातून घसरलेल्या, एक प्रतिमा सगळ्यांच्या ओळखीची. सरांनी पेन्सिल काढली होती, ती त्यांनी परत खिशात ठेवली. अक्कांनी विचारलं, “काका, यावर बोलू का आम्ही?” काका म्हणाले, “नको. नुसतं ऐकलंत, बास.” मग चहा मागवला, नेहमीपेक्षा लवकर. पुढं बऱ्याच दिवसांनी तेच काका दुसरी कविता घेऊन आले आणि वाचायच्या आधीच म्हणाले, आज बोला. त्या दिवशी सरांनी त्यांना सोडलं नाही.

कौतुकाचंही सांगायला हवं, कारण कठोर बोलणाऱ्यांना कौतुक म्हणजे तोंडदेखलेपणा वाटतो. कौतुकाचा उपयोग लिहिणाऱ्याचं मन राखण्यापुरता नाही. पुनर्लेखनात माणूस कात्री चालवतो, आणि आपल्या लिखाणातलं नेमकं काय चालतंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल तर तो तेच कापून टाकतो. अक्कांच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: रात्री झोपेत आईची बोटं चादरीवर विडी वळत राहायची. ते वाक्य त्या काढणार होत्या, ‘फार साधं वाटतंय’ म्हणून. एका झेरॉक्सवर कुणीतरी त्याच्याभोवती नुसती चौकट काढली होती. तेवढ्यानं ते वाचलं. ‘लै भारी’ म्हणायला हरकत नाहीच. फक्त बोट कुठं ठेवलंय ते दाखवून म्हणा.

टपालानं चालणारा अभिप्राय हा एक वेगळाच प्रकार होता. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ साली बंद पडलं, पण त्याचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवख्या लेखकांना लांबलचक पत्रं लिहून गोष्ट पुन्हा लिहायला लावत, ही हकिकत मराठीत अजून सांगितली जाते. अनेकांना तो जाच वाटे. तरी कुणीतरी आपली गोष्ट इतकी बारकाईनं वाचली की तिसऱ्या पानावरच्या पात्राचा स्वभाव सातव्यावर बदलतो हे त्याला दिसलं, यासारखा मान नाही. ‘साभार परत’ या दोन शब्दांतलं काहीच कळत नाही. न आवडल्याचं दोन पानी पत्र आलं तर माणूस आठवडाभर चिडतो आणि मग लिहायला बसतो.

आता राहिलं शुद्धलेखन. सरांवर मी इतका वेळ जरा अन्यायच केलाय असं वाटेल. साहित्य महामंडळाचे अठरा नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ ला वाढवलेले चार, त्यांना मुखोद्गत आहेत, आणि छापायला जाणारा मजकूर त्यांच्या हाताखालून गेला की मला निर्धास्त वाटतं. माझा मुद्दा एवढाच की पहिल्या खर्ड्यावर ह्रस्व-दीर्घाच्या खुणा करणं ही पळवाट असते. नियम समोर असतो, चूक दिसते, खूण होते, आपण काहीतरी दिल्यासारखं वाटतं, आणि गोष्टीत शिरायचं मात्र राहून जातं. शिवाय सोलापुरात ही पेन्सिल कुठं थांबवायची हे अवघड आहे. इथं मराठीत तेलुगू येते, कन्नड येते, उर्दू येते. तेलुगू आणि मराठी दोन्हींत लिहिणारे लक्ष्मीनारायण बोल्ली याच गावचे. ‘वळूलाली’ ही अक्कांची चूक नाही. त्यांच्या आईनं तसंच म्हटलं असतं, माझ्या आईनंही. पण सर दर खर्ड्यात त्याखाली रेघ ओढत आले आणि अक्का दर खर्ड्यात ते तसंच लिहीत आल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही.

यंदा ती गोष्ट एका दिवाळी अंकानं स्वीकारली. संपादकांचा फोन आला: बाकी काही नको, तेवढं ‘वळत होती’ करूया, इतर महाराष्ट्राला कळणार नाही. अक्कांनी हे बैठकीत सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी सरांकडं बघितलं. सर लाल झाले. “त्यांना काय अधिकार? मी रेघ ओढली ती माडीवर. छापताना असं कोण करतं?” संध्याकाळपर्यंत त्यांनी संपादकांना पाठवायचं पत्र तयार केलं. संवादाची भाषा, निवेदनाची भाषा, प्रादेशिक रूपांचा मान, सगळं त्यात होतं, आणि ह्रस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. अक्कांनी ते पाठवायच्या आधी झेरॉक्स काढून परवाच्या रविवारी सगळ्यांना वाटलं. सरांनी मोठ्यानं वाचलं आणि नियमाप्रमाणं गप्प बसले. पोरगा म्हणाला, एक नंबर. मी दुसऱ्या परिच्छेदाला चौकट काढली. अण्णा म्हणाले, “सर, तिसऱ्या वाक्यात तुम्ही विनंती करूलालाव का भांडूलालाव, ते मला कळालं नाही. पुढचं मग भांडण समजूनच ऐकलं.”

सर पुन्हा लिहीत आहेत. अंक छापायला जायच्या आत पत्र पोचेल असं अक्का म्हणतात.